हेर जेवला ते घर

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीजवळ, बाणूरगड आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव भूपाळगड असे येते. मुलूख पर्जन्यछायेचा, माणसे कष्टाळू आणि मितभाषी. गडावर महादेवाचे देऊळ आहे, आणि शिवाजी महाराजांच्या हेरांचा नाईक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या बहिर्जीची म्हणून दाखविली जाणारी समाधीही आहे. त्याच्या मृत्यूविषयी आख्यायिका एकाहून अधिक आहेत. ज्याचे आयुष्य चेहरा लपविण्यात गेले, त्याच्या अखेरीलाही एक निश्चित चेहरा नसावा, हे उचितच म्हटले पाहिजे.

या समाधीपाशी एक वाचक आयुष्यात तीन वेळा गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा तो शाळकरी मुलगा होता, दुसऱ्यांदा मराठीचा तरुण अध्यापक आणि तिसऱ्यांदा सेवानिवृत्त गृहस्थ. समाधी तीच होती. तिच्याखालचा नायक मात्र दर खेपेस निराळा निघाला. त्या तीन भेटींच्या दरम्यान एका वाचकाच्या मनात एका लाडक्या व्यक्तिरेखेचे काय झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिली भेट १९७० च्या सुमारास, शाळेच्या सहलीत झाली. गुरुजींनी समाधीपाशी मुलांना बसवून बहिर्जीची सोंगे सांगितली. फकीर, गोसावी, वासुदेव, भिकारी. कधी शत्रूच्या दरबारात उभा राहून खुद्द बादशहाशी बोललेला, तर कधी वेशीवर बसून शिपायांचे बोलणे ऐकणारा. पाखरांचे आवाज काढून साथीदारांना इशारे देणारा. त्या मुलाच्या वयाला तलवारीपेक्षा सोंगाचे आकर्षण अधिक होते. तलवार सर्वांनाच होती; दुसऱ्याच्या घरात दुसरा होऊन बसण्याची विद्या एकट्या बहिर्जीला होती. परत येताना त्या मुलाने घोंगडे पांघरून वासुदेवाचा आवाज काढला आणि सोबती हसले. त्या दिवसापासून त्याचा नायक ठरला.

पुढची दोन-तीन वर्षे गावच्या वाचनालयाने या आवडीला खतपाणी घातले. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड आणि झुंजार तेथे होते. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. हजाराच्या घरात कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना वाचनाची सवय लावली, हे ऋण विद्यापीठीय समीक्षेने पुरेसे मानलेले नाही. त्या पुस्तकांतील नायक देखणे, हजरजबाबी आणि संकटातही विनोद करणारे असत. त्यांच्या वाटेत एक पहारेकरी हटकून येई. पाठीमागून त्याच्या मानेवर हाताचा फटका बसे, किंवा सुरी चाले, आणि नायक भिंतीपलीकडे जाई. त्या पहारेकऱ्याला नाव नसे. त्याची रात्रपाळी कधी संपणार होती आणि घरी त्याची वाट कोण पाहत होते, हे कादंबरीला ठाऊक नसे आणि वाचकालाही त्याची गरज भासत नसे. चारआणे भाड्याच्या पुस्तकाने एवढी चौकशी करावी अशी अपेक्षाही योग्य नव्हे. पण तो बिननावाचा पहारेकरी पुढे या वाचकाच्या फार कामी आला.

१९७२ चा दुष्काळ पडला. खानापूर-आटपाडीकडची माणसे खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. घरोघर मिलोची लाल भाकरी शिजू लागली. सुटीच्या दिवशी तो मुलगा आजीची भाकरी घेऊन कामावर जाई. तेथे त्याने एक म्हातारा पाहिला. दुपारी माणसे टोळक्याटोळक्याने जेवायला बसत. हा दूर, बाभळीच्या विरळ सावलीत एकटा बसे. चालताना तो टाच टेकवीत नसे. आजी त्याला कधीतरी भाकरीचा तुकडा देई. पण हातात न देता दगडावर ठेवी. मुलाने शेजारच्या पोराला विचारले. पोराने एकच शब्द उच्चारला : खबऱ्या.

त्या शब्दामागे बेचाळीसचा काळ होता. आज जो सांगली जिल्हा आहे, त्याचा बराचसा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या जुन्या अखंड साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या वर्षांत प्रतिसरकार चालले. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र. तुफान सेना उभी राहिली, गावोगाव न्यायनिवाडे झाले, सावकारी आणि दरोडेखोरी यांना आळा बसला. भूमिगत कार्यकर्ते रात्री-अपरात्री येत. ज्या घरी त्यांना भाकरी मिळे, त्या घराचे सारे भवितव्य त्या भाकरीबरोबर त्यांच्या ताटात पडे. पोलिसांना ते घर दाखविणारा एक माणूस गावात असला, तर सारे संपले. म्हणून खबऱ्यांना कठोर शिक्षा होत. तळपायावर काठीने मारण्याला ‘पत्री मारणे’ हे नाव पडले, आणि लोकांच्या तोंडी प्रतिसरकारचे ‘पत्रीसरकार’ झाले. ज्या सत्तेशी ही झुंज होती, तिच्याकडे तुरुंग, बंदूक आणि फास होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या शिक्षांचा विचार करता येत नाही.

त्या म्हाताऱ्याने खरोखर कोणाचे घर दाखविले होते, की एखाद्या भाऊबंदकीत त्याचे नाव पुढे झाले होते, हे त्या मुलाला कोणी सांगितले नाही. पुढेही कळले नाही. त्या संध्याकाळी त्याने आजीला विचारले, बातमी काढणे एवढे वाईट, तर बहिर्जीची समाधी कशी? आजी चुलीपुढे होती. ती म्हणाली, “ज्येच्या घरची भाकरी खाल्ली, त्येचं दार दावू न्हाई.” मुलाने पुन्हा विचारले, मग बहिर्जीने शत्रूच्या घरची भाकरी खाल्ली नव्हती का? आजीने फुंकणीने जाळ नीट केला आणि काही वेळाने म्हणाली, “त्यो आपला हुता.”

या तीन शब्दांनी त्या मुलाचे त्या वेळी समाधान झाले. अध्यापक झाल्यावर ते तीन शब्द त्याला छळू लागले.

दुसरी भेट पंचवीसेक वर्षांनंतरची. पदव्युत्तर वर्गाला ऐतिहासिक कादंबरी शिकविताना तो विद्यार्थ्यांना घेऊन गडावर गेला. यावेळी त्याच्याबरोबर पुस्तकी सामग्री पुष्कळ होती. बहिर्जीविषयीचा मूळ आधार किती तुटपुंजा आहे, हे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. राजाराम महाराजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत बहिर्जी येतो, तो मोजक्या ओळींपुरता. सुरत मारली तर अगणित द्रव्य हाती लागेल, ही बातमी तो आणतो. जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगली फौज पाठीवर असता आडवाटेने, रात्रंदिवस चालून, तो सैन्याला पट्टागडापर्यंत सुखरूप पोहोचवितो. बखरकार त्याला ‘जाधव’ म्हणतो. लोकपरंपरा त्याला रामोशी समाजातला मानते. फकीर नाही, वासुदेव नाही, पाखरांची शीळ नाही. बखरीतला बहिर्जी म्हणजे एक बातमी आणि एक वाट.

त्याचे सारे लावण्य पुढच्या काळाने घडविले. विसाव्या शतकातील शिवचरित्रपर ललित लेखनाने, शाहिरांनी, शाळेतल्या गुरुजींनी आणि अलीकडे पडद्याने त्याच्या अंगावर एकेक सोंग चढविले. ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) या चित्रपटांनी तर त्याला नव्या पिढीचा आवडता नायक केला. यात गैर काही नाही. लोकमानस आपल्या नायकांना असेच वाढविते. पण ही वाढ एकाच अंगाने झाली, हे लक्षणीय आहे. त्याची चतुराई वाढली, विनोद वाढला, वेषांतरे वाढली. त्याने आणलेल्या बातमीचे पुढे काय झाले, हा भाग मात्र सभासदाने सोडला तेथेच राहिला. जानेवारी १६६४ मध्ये सुरत चार दिवस लुटली गेली आणि शहराचा मोठा भाग जळाला. स्वराज्याच्या उभारणीसाठी त्या द्रव्याची गरज होती आणि मोगली फौजांनी आधी या मुलखाची धूळधाण केली होती, हे खरेच. पण बातमी काढण्यासाठी जो माणूस त्या शहरात राहिला असेल, तो कोणाच्या तरी ओसरीवर झोपला असेल आणि कोणाच्या तरी विहिरीचे पाणी प्याला असेल. त्या ओसरीचे पुढे काय झाले, याविषयी मराठी कथावाङ्मय मौन बाळगते.

तेथेच एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. “सर, बहिर्जीला ज्यांनी भिक्षा वाढली असेल, त्यांना नंतर कळलं असेल का?” अध्यापकाने त्या वेळी अध्यापकासारखे उत्तर दिले : ऐतिहासिक कादंबरीचा दृष्टिकोन हा विजेत्याच्या छावणीत स्थिर झालेला असतो, त्यामुळे परपक्षातील सामान्य माणूस तिच्या कक्षेत येत नाही, वगैरे. विद्यार्थिनीने ते वहीत उतरवून घेतले. उत्तर चुकीचे नव्हते, पण प्रश्नाला ते स्पर्श करीत नव्हते. परतीच्या वाटेवर त्याला आजीचा दगडावर ठेवलेला भाकरीचा तुकडा आठवला.

त्यानंतर या वाचकाने आपले जुने वाचन नव्याने तपासायला घेतले. आरंभी त्याची कल्पना अशी होती की, मोहक हेरनायकाला एक उजळ बाजू असते आणि एक काळी. लेखक उजळ बाजू दाखवितात आणि काळी झाकतात. समीक्षकाने ती उघडी केली की काम झाले. हा समज फार काळ टिकला नाही.

तो मोडला जेम्स बाँडमुळे. इयान फ्लेमिंगच्या १९५३ मधील पहिल्या कादंबरीत, ‘कसिनो रॉयाल’मध्ये, बाँड जखमी होऊन रुग्णालयात पडला असता आपण केलेल्या दोन हत्यांविषयी बोलतो. न्यूयॉर्कमधील एक जपानी सांकेतिक-लिपितज्ज्ञ आणि स्टॉकहोममधील एक दुटप्पी नॉर्वेजियन हेर यांना मारून त्याला दोन शून्यांचा क्रमांक मिळालेला असतो. नायक कोण आणि खलनायक कोण, हे आता नीट कळेनासे झाले आहे, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. ही शंका एका प्रकरणापुरती टिकते, आणि कथानक तिला बाजूला सारून पुढे जाते. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’ या चित्रपटात तर तीही नाही. अंधाऱ्या खोलीत बाँड निवांत बसून आहे. मारायला आलेल्या प्राध्यापक डेंटच्या पिस्तुलातील गोळ्या संपल्या आहेत, हे त्याला ठाऊक आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो शांतपणे त्याला गोळी घालतो. प्रेक्षकांना या दृश्याची शिसारी येत नाही. त्यातील थंडपणा हाच त्यांना देखणेपणा वाटतो. येथे काही झाकलेले नाही. निष्ठुरता उघड्यावर आहे आणि तिलाच मोहकपणा हे नाव मिळाले आहे.

मग त्याच्या ध्यानात आले की, हेराच्या बाबतीत दोन बाजू नाहीतच. त्याचा मोहकपणा हेच त्याचे हत्यार आहे. शिपाई तलवारीने मारतो आणि त्याचे गोड बोलणे हा निराळा गुण असतो. हेराचे तसे नाही. त्याचा आवाज, विनोद, नम्रता, लहान मुलांशी खेळणे, म्हातारीला काकी म्हणणे, यांनीच दार उघडते, आणि दार उघडले की घर पडते. ज्या प्रमाणात तो आवडतो, त्याच प्रमाणात तो घातक होतो. वाचकाला त्याचे वाटणारे आकर्षण आणि ओसरीवरच्या माणसाला वाटलेले आकर्षण एकाच जातीचे आहे. भेद एवढाच की वाचकाचे घर पडत नाही.

ही गोष्ट आपल्या परंपरेला ठाऊक नव्हती असे नाही. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आहे. त्यात गुप्तचरांची जी वर्गवारी आहे, ती वाचताना अंगावर काटा येतो. तापस, भिक्षुकी, व्यापारी, गृहस्थ अशी सोंगे तेथे आहेत. म्हणजे ज्यांच्यापुढे माणूस मन मोकळे करतो किंवा हात जोडतो, नेमकी तीच रूपे. पुढे ‘तीक्ष्ण’ आणि ‘रसद’ हे मारेकरी येतात. रसद म्हणजे विष घालणारा. तो कसा निवडावा, तर आप्तांविषयी ज्याला माया नाही असा. कौटिल्य येथे कसलाही आडपडदा ठेवीत नाही. कोणत्या माणसात काय मेलेले असले म्हणजे तो या कामाचा, हे तो हिशेबनिसाच्या कोरडेपणाने नोंदवितो. त्याचा हेर मोहक आहे. पण कौटिल्य स्वतः त्याच्यावर मोहित नाही.

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ याच्याही पुढे जाते. सिद्धार्थक हा चाणक्याचा हेर शकटदासाला वधस्तंभापासून वाचविल्याचा देखावा करतो आणि त्या उपकाराच्या जोरावर राक्षसाच्या घरात शिरतो. शकटदासाचा जीव वाचतो हे खरे. पण त्याच्याच अजाण हाताने लिहिले गेलेले पत्र पुढे त्याच्या धन्याचा घात करते. त्या कपटाला बळी पडून मलयकेतू आपल्याच पक्षाच्या पाच राजांना ठार करवितो. जीवसिद्धी या मित्राचेही खरे रूप कळते, तेव्हा शत्रूने आपले अंतःकरणदेखील काबीज केले, अशा अर्थाचे उद्गार राक्षसाच्या तोंडून निघतात. अखेरच्या अंकात चंदनदासाला बायको-मुलासह वधस्थानाकडे नेले जाते आणि चांडाळाच्या वेषात तोच सिद्धार्थक असतो. शेवट गोड होतो, हे संस्कृत नाटकाच्या संकेताला धरूनच आहे. पण तोवर नाटककाराने प्रेक्षकाला त्या घराच्या आत बसविलेले असते. मैत्रीचा विश्वास कसा हत्यार म्हणून वापरला जातो, हे तो फसलेल्याच्या डोळ्यांनी दाखवितो. हेराच्या कथेला ज्याची गरज असते, ते घर या नाटकात आहे.

मराठी नाटकाची जन्मभूमी सांगली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ केले. त्याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले होते. भीम हा काही हेर नव्हे. पण अज्ञातवासातील पांडव हे सोंग घेऊन दुसऱ्याच्या घरी राहणारेच. बल्लव म्हणून भीम विराटाच्या मुदपाकखान्यात राहतो, विराटाचे अन्न खातो आणि विराटाच्या मेहुण्याला मारतो. कीचकाचा अपराध अक्षम्य आहे आणि द्रौपदीच्या बाजूने न्याय आहे, म्हणून प्रेक्षकांचा आनंदही रास्त होता. तरी त्या कथेत सुदेष्णा नावाची एक बहीण आहे. तिच्याच आश्रयाला आलेल्या सैरंध्रीच्या पतीने तिचा भाऊ मारलेला असतो. पारतंत्र्यात असलेल्या प्रेक्षकाने सुदेष्णेकडे पाहावे अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे ठरेल. स्वतंत्र झालेल्या वाचकाला तेवढी सवड असायला हरकत नाही.

येथे त्याला शब्दांचीही मौज वाटली. हेर, जासूद, नजरबाज, हरकारा, बातमीदार. ही झाली एक रांग. खबऱ्या, चहाडखोर, घरभेद्या ही दुसरी. पहिल्या रांगेतील शब्द दरबाराच्या सदरेवर बसलेले आहेत; दुसऱ्या रांगेतील शब्द घराच्या उंबऱ्यात. काम तेच. बघणारा कोठे उभा आहे, यावर शब्द बदलतो. बातमीदार या शब्दाने तर पुढे वेष पालटून वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरीही धरली. मराठीत बहिर्जीची कथा सांगणारा नेहमी सदरेवर उभा असतो. बातमी आली, मुजरा झाला, राजाने कडे दिले. उंबऱ्यावरून ती कथा सांगण्यासाठी मराठीत ‘हेर’ हा शब्दच पुरणार नाही.

उमाजी नाईकांची आठवण येथे अपरिहार्य आहे. रामोशांचा हा बंडखोर नायक १८३१ च्या अखेरीस फितुरीने पकडला गेला आणि फेब्रुवारी १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. ज्या समाजाच्या परंपरेत बहिर्जी हा मानबिंदू आहे, त्याच समाजाला ‘घर दाखविणे’ म्हणजे काय, हेही असे अनुभवाने ठाऊक आहे. लोकस्मृतीने दोन्ही गोष्टी जपल्या. त्या एकमेकींशेजारी मांडल्या नाहीत. मांडल्या असत्या तर आजीच्या तीन शब्दांवर सारा भार आला असता : तो आपला होता.

‘आपला’ आणि ‘परका’ ही रेघ किती डळमळीत असते, हे सांगायला त्या गडाएवढी योग्य जागा दुसरी नसेल. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे साताऱ्याकडील माहुलीहून निघून दिलेरखानाला मिळाले. पुढच्या वर्षी दिलेरखानाने भूपाळगड घेतला, तेव्हा ते त्याच्याबरोबर होते. शरण आलेल्या शिबंदीतील सातशे माणसांचा एकेक हात खानाने तोडविला, असे इतिहासकार सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस राजे स्वराज्यात परतले, आणि पुढे त्यांनी पत्करलेले मरण महाराष्ट्राच्या अंतःकरणात कायमचे जाऊन बसले. खानाची निष्ठुरता आपण विसरलो नाही, विसरूही नये. पण ज्या गडाने एका वर्षात इतक्या निष्ठा इकडून तिकडे जाताना पाहिल्या, त्या गडावर उभे राहून ‘तो आपला होता’ एवढ्यावर थांबणे अवघड जाते.

याचा अर्थ बहिर्जी आणि तो म्हातारा एकच, असा नाही. या मोहापासून वाचकाने स्वतःला निकराने दूर ठेवले. कोणासाठी आणि कशासाठी, हे प्रश्न निरर्थक नसतात. रयतेचे राज्य उभे करण्यासाठी जीव धोक्यात घालणारा आणि परक्या सत्तेच्या चार रुपयांसाठी शेजाऱ्याचे दार दाखविणारा, यांना एका तागडीत घालणे ही नीतिमत्ता नव्हे. तो बौद्धिक आळस आहे. पण कार्य थोर होते म्हणून ज्याच्या विश्वासावर ते उभे राहिले त्याचे देणे फिटत नाही. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालावरचा छापा हा धाडसाचा अद्वितीय नमुना होता. आणि त्या रात्रीच्या अंधारात जनानखान्यातील स्त्रियाही शस्त्रांखाली आल्या, हे फारसी इतिहासकारांनी नोंदविले आहे. पहिले वाक्य अभिमानाने म्हणावे आणि दुसरे गिळावे, अशी सवय लागली की वाङ्मय पोवाड्यापाशी थांबते. पोवाड्याला ते शोभते. कादंबरीकडून मात्र अधिक अपेक्षा असते.

बहिर्जीवर एखादी थोर मराठी कादंबरी लिहिली जायची असेल, तर तिचा नायक स्वतः काय विसरू शकला नाही, हे तिला शोधावे लागेल. फकीर होऊन ज्या घरी तो चार महिने जेवला, त्या घरावरून फौज गेल्यानंतर तो तिथून पुन्हा गेला का? गेला असेल तर कोणत्या वेषात? इतके चेहरे लावणाऱ्या माणसाला रात्री झोपताना कोणता चेहरा उरत असेल? या प्रश्नांनी बहिर्जी लहान होत नाही. उलट, राजासाठी केवळ प्राणच नव्हे, तर स्वतःच्या नजरेतले आपले मोठेपणही त्याने खर्ची घातले, हे त्यातून दिसेल. प्राण देणाऱ्यांच्या समाध्या पुष्कळ आहेत. हे दुसरे दान ज्याने दिले, त्याची समाधी निराळ्या आदराची धनी आहे.

तिसरी भेट अलीकडची. सेवानिवृत्तीनंतर तो एकटाच गेला. समाधीवर कोणीतरी फुले वाहिली होती. तो तेथे बराच वेळ बसला. यावेळी काही सांगायला विद्यार्थी नव्हते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्याला अजून आले नव्हते, आणि ते न येणे आता त्याला तितकेसे टोचत नव्हते. त्या म्हाताऱ्याच्या शेजारी त्या दुष्काळात आपण एकदाही जाऊन बसलो नाही, हे मात्र टोचले.

परतताना ऊन झाले होते. वाटेवरच्या एका घरापाशी तो थांबला आणि पाणी मागितले. दारातल्या बाईने तांब्या-फुलपात्र आणून ओट्यावर ठेवले, बसायला घोंगडे टाकले, आणि मग, या मुलखाच्या रीतीप्रमाणे, विचारले, “कुठलं गाव म्हणायचं पावणं?” त्याने आपले गाव सांगितले. ते खरे होते. बाई आत गेली आणि भाकरीचे विचारू लागली. दुसरे कोणतेही गाव सांगितले असते, तरी ती तशीच आत गेली असती. त्याने फुलपात्र उचलले आणि पाणी प्यायला.